राणी कलर

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या दिवशी सोळाच्या सोळा रस्त्यांवर गोंडे, घागरमाळा, मोरक्या, कासरे, झुली टांगलेल्या होत्या. पाऊस बरा झाला होता, सोयाबीन शेंगेत होतं, त्यामुळे माणसं भाव करत होती पण भांडत नव्हती. मला फक्त एक सहा नंबरचा गोल ब्रश हवा होता. जुन्याचं टोक दुभंगून त्याची पार केरसुणी झाली होती. स्टेशनरीच्या दुकानात नव्या वह्यांचा आणि खाकी कव्हरांचा वास कोंदला होता. काउंटरपाशी माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची सातवी-आठवीतली मुलगी उभी. बापाच्या हातात गच्च भरलेली नायलॉनची पिशवी, तिच्यातून बेगडाची सुरळी डोकावत होती. मुलीला यंदा एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसायचं होतं आणि शाळेनं यादी दिली होती: रंग, दोन ब्रश, पॅलेट, कंपास. दुकानदारानं काउंटरवर चोवीस वड्यांची एक लांबरुंद पेटी आणि बारा ट्यूबांचा एक छोटा खोका असं दोन्ही काढून ठेवलं होतं. किमतीत दहावीस रुपयांचा फरक. मुलीची नजर पेटीवरून हलत नव्हती. मी काउंटरवर ब्रशाचं टोक तळव्यावर फिरवून बघत होते, ते पाहून बाप म्हणाला, "मॅडम, तुमाला कळतंय त्यातलं. ह्यातलं कोणतं घ्यावं?"

मला कुणी विचारायचीच खोटी होती. वर्गात उभी असल्यासारखी मी सुरू झाले. स्वस्तातल्या वड्यांत रंग कमी आणि खडूची भुकटी जास्त असते. ब्रश घासून घासून झिजतो तरी रंग फिक्काच येतो. परीक्षेत घासत बसायला वेळ कुठं असतो? चोवीसातले निम्मे रंग एकमेकांची चुलत भावंडं असतात, चार हिरवे, तीन चॉकलेटी, कुणाला हवेत? त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत वरच्या दर्जाच्या सहा सुट्या ट्यूबा घ्या, बाकी सगळं मिसळून होतं. दुकानदार माझ्या ओळखीचा, त्यानं सुट्या ट्यूबांचा ट्रे पुढं ओढला. मी लेमन यलो काढला, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, चायनीज व्हाइट. लाल म्हणून जांभळ्याकडं झुकणारा क्रिमसन पाहिजे होता. तो संपला होता. "स्कार्लेट हाय की मॅडम, लालच तो बी," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, चालेल.

मुलगी इतका वेळ गप्प होती. आता तिनं उजव्या हाताचं बोट वर केलं. शिंगं रंगवायला घेतलेली रंगाची पुडी पिशवीत फुटली होती आणि तिनं ती सावरली असावी, कारण पहिलं पेर सगळं राणी कलरचं झालं होतं. नखाच्या कडेला रंग साचून जवळजवळ जांभळा दिसत होता, पेराच्या बारीक रेघांत मात्र इतका झळझळीत होता की दुकानातल्या पांढऱ्या उजेडात ते बोट पेटल्यासारखं वाटत होतं.

"ह्यो हाय का ह्येच्यात?"

"होतो की बाळा. लाल आणि पांढरा मिसळला की झाला."

बापानं पैसे मोजून दिले. दुकानदारानं चोवीसची पेटी परत वरच्या फळीवर सरकवली, आणि ती पार मागं जाईपर्यंत मुलीची मान वर होती. मग दोघं झुलींच्या गर्दीत दिसेनासे झाले.

राणी कलर लाल आणि पांढऱ्यातून होत नाही.

हे मला माहीत होतं असं म्हणवत नाही आणि माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तेवीस वर्षं गणित शिकवतेय. लातुरात गणित शिकवणाऱ्या माणसाची "बघून सांगते" म्हणायची सवयच मोडते. तीन-चार जिल्ह्यांतली पोरं इथं खोल्या करून राहतात ती आम्हाला उत्तरं येतात म्हणूनच. विचारलं की तोंडातून उत्तर निघतं. रात्री ओटा आवरून झाल्यावर मी पॅलेट घेतलं आणि त्याच सहा रंगांत राणी कलर करायला बसले. स्कार्लेटमध्ये पांढरा घातला, तर गोवराच्या पुरळावर लावतात ते कॅलामाइन लोशन झालं. लाल वाढवला, दंतमंजन झालं. निळ्याचा थेंब घालून बघितला तर पिकलेल्या उंबराच्या सालीचा मळकट रंग. माझ्या खणात क्रिमसन होता, तो नुसत्या पाण्यात पातळ केला तेव्हा जरा जवळ आलं, पण तेही कसं, तर पन्नास धुण्यांतून गेलेल्या लुगड्यासारखं. साडेअकरापर्यंत कागदावर अठरा ठिपके झाले. एकही त्या बोटाच्या जवळ जाईना.

कारण तसं सरळ आहे आणि मला ते कळायला हवं होतं. प्रत्येक रंग उजेडातलं काहीतरी गिळतो आणि उरलेलं परत देतो. स्कार्लेट हिरवाही गिळतो आणि निळाही. राणी कलर दिसायचा तर लाल आणि निळा दोन्ही परत यायला हवेत, गिळायचा तो फक्त हिरवा. स्कार्लेटनं एकदा गिळलेला निळा पांढरा ओतून कसा परत येईल? पांढऱ्यानं फक्त पाणी घातलेल्या ताकासारखं होतं, प्रमाण वाढतं आणि चव जाते. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा, त्याच्याकडं चार शाया असतात, सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. त्यातली मजेंटा म्हणजे आपल्या राणीची सख्खी बहीण, आणि ती वेगळी ठेवावी लागते कारण दुसऱ्या कशातून ती होत नाही. वर आणखी एक घोळ मी करून ठेवला होता. स्कार्लेट आणि अल्ट्रामरीन मिसळला की जांभळा येत नाही, चिखल येतो. म्हणजे माझ्या एका "चालेल"मध्ये त्या मुलीचे दोन रंग गेले होते.

माझी पहिली पेटी बारा वड्यांची होती. उदगीरला, पाचवीत असताना. पत्र्याची डबी, झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं इनॅमल, तेच पॅलेट. उंट छाप. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकून हा धंदा उभा केला, तेव्हा छाप घोड्याची होती, उंट नंतर आला, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा मला उंट म्हणजे रंगांचाच प्राणी वाटायचा. त्या डबीतला पिवळा आणि आकाशी सगळ्यात आधी संपले. मध्ये खड्डा पडत जातो, मग एक दिवस तळाचा पत्रा चमकतो. तरी कडेला चिकटलेला रंग आपण ब्रशानं कोरून काढतो, तोंडात ब्रश घालून टोक करतो, आणि जिभेला ती डिंकाची तुरट-गोड चव लागते. जलरंग म्हणजे शेवटी डिंकच. आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, त्यात खललेला रंग, आणि फार कोरडा पडू नये म्हणून थोडं ग्लिसरीन नाहीतर मध. पांढरी वडी मात्र वर्षभर तशीच राहायची. तिच्यावर बाकी अकरा रंगांचे शिंतोडे. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, पांढरा कागदाकडून मागून घ्यायचा, पेटीतून नाही. हे वाक्य मी आजही चारचौघांत माझंच असल्यासारखं सांगते.

सरांकडं स्वतःची पेटी नव्हतीच. पत्र्याच्या साबणदाणीत चार ट्यूबा, शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या, आणि एकच ब्रश. त्या चारांत ते किल्ल्याच्या भिंती रंगवायचे, देवणी बैल रंगवायचे, उन्हाळ्यातलं काळं रान रंगवायचे. चार रंगांत जग बसतं, असा माझा ठाम ग्रह तिथं झाला आणि पुढं मी तो सगळ्यांना वाटत सुटले. त्या संध्याकाळी दुकानात बोलत होते ते सगळं सरांचंच होतं. पण सरांना पगार किती होता आणि तो कधी व्हायचा हे पाचवीतल्या मला कुठं ठाऊक होतं. पाचवी ट्यूब त्यांना नको होती असं काही नाही. ते चारात भागवायचे. मी त्यांच्या भागवण्याचं तत्त्वज्ञान केलं.

माझ्या खणात एक्केचाळीस ट्यूबा आहेत. त्या रात्री मोजल्या.

त्याच वर्गात डॉक्टरांची एक मुलगी होती, तिच्याकडं दुमजली पेटी होती. वरचा कप्पा उचलला की खाली आणखी बारा. मधल्या सुट्टीत ती पेटी उघडायची तेव्हा आम्ही सात-आठजणी भोवती बसायचो, चित्र काढायला नव्हे, नुसतं बघायला. खालच्या मजल्यावर उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी होता. "एकदा बोट लावू दे" असं म्हणायची पद्धत होती आणि त्याचा दर एक चिक्की. थुंकी लावून ओलं केलेलं बोट त्या वडीवर टेकवायचं आणि मग दुपारभर ते बोट जपत बसायचं, शाईचा डाग पडू द्यायचा नाही, पाणी पिताना पेला डाव्या हातात. मी दोन चिक्क्या देऊन दोन बोटं रंगवली होती. हे सगळं मी कुठं ठेवून दिलं होतं कोण जाणे. दुकानात ते बोट समोर आलं तेव्हाही आठवलं नाही.

मोठेपणी परत रंग हातात घेतले ते चाळिशीला आल्यावर, आणि शिक्षकी खोडीप्रमाणं आधी अभ्यास केला. विद्यार्थी दर्जा आणि आर्टिस्ट दर्जा यांतला फरक, ट्यूबेच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले रंगद्रव्याचे क्रमांक, नावापुढं 'ह्यू' असेल तर तो असली नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा. घेणाऱ्यानं एवढंच बघितलं तरी पुष्कळ पैसे वाचतात: नावाला भुलू नये, नंबर वाचावा, आणि एका नंबराची ट्यूब तीन नंबरांच्या ट्यूबेपेक्षा बरी, कारण आधीच तीन मिसळलेल्यात आपण आणखी दोन मिसळले की ते मळतंच. अल्ट्रामरीनचा नंबर पीबी २९. तो साध्या कंपनीचा घ्या नाहीतर परदेशी, द्रव्य तेच. फरक पडतो तो किती भरलंय आणि किती बारीक खललंय यात. म्हणून निळा स्वस्तातला घेतला तरी भागतं. काटकसर करायची तर तिथं करावी, कागदात करू नये. रंग विद्यार्थ्यांचे आणि कागद सुती, जाड, तीनशे ग्रॅमचा, असं घेतलं तर चित्र उभं राहतं. उलटं केलं तर महागडे रंगही कार्डशीटवर गोळा होऊन बसतात. हे मी पैसे घालवून शिकले. एकदा वेरूळहून येताना कागजीपुऱ्याला थांबले. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा आलेल्या कागदवाल्यांचं हे गाव, चिंध्या भिजवून, कुटून हातानं कागद काढणारं. हातात घेतला की कापडासारखा वाटतो. मी हौसेनं दहा ताव आणले आणि पहिल्याच फटक्याला रंग आत जिरून दिसेनासा झाला. त्यांच्या कागदाची काही चूक नव्हती. मी आणला होता तो लिहायचा, पाणी सोसणारा नव्हे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, तोही माझा स्वभावच.

आणि आपल्या हवेचं काय करायचं, हे कुठल्याच परदेशी पुस्तकात नसतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, कागदावरची चकाकी जाईपर्यंत थांबा. मे महिन्यात लातुरात चकाकी येतच नाही. डाव्या कडेनं आकाशाचा फटका ओढत उजव्या कडेला पोचावं तर डावं आकाश वाळून त्याला कड पडलेली असते. पॅलेटमध्ये भरून ठेवलेले रंग तडकतात, खडे होऊन निघून येतात, आणि पॅलेट हलवलं की आत खुळखुळा वाजतो. मी पहाटे साडेपाचला रंगवते, पंखा बंद करून, कागद मागून पुढून भिजवून, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकून. तेही बोअरचं पाणी नको, ते वाळलं की गडद निळ्यावर क्षाराची पांढरी साय धरते. मी फिल्टरचं घेते. एक पेला धुवायला, एक पेला रंगाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी ब्रश उचलला नाही. दोन पेले पाण्यानं काही अडत नव्हतं. रंगवून झाल्यावर तेच पाणी तुळशीला घालता आलं असतं. पण खाली गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागलेली आणि वर आपण निळं पाणी ढवळत बसायचं, हे काही जमेना. खरं सांगायचं तर कुणी बघितलं असतं म्हणून जमेना.

सहा रंगांच्या बाजूनं माझ्याकडं एक मोठा साक्षीदार आहे, अजिंठा. दुकानात वेळ असता तर त्या बापाला तोही सांगितला असता. गेरू, पिवळी माती, तिथल्याच डोंगरातली हिरवी माती, चुना-खडीसारखा पांढरा, दिव्याची काजळी, आणि निळा. पाच रंग आसपासचे आणि सहावा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्दी दगड दळून केलेला. एवढ्यावर पहिल्या लेणीतला पद्मपाणी उभा आहे, पंधराशे वर्षं. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा गाइडनं बॅटरीचा झोत त्याच्या मुकुटाजवळ नेला आणि म्हणाला, हा निळा बघा. मला तो विशेष वाटला नव्हता. माझ्या डबीतला निळा जास्त निळा होता. आता कळतं की दोन्ही एकच. १८२४ साली फ्रान्समध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं होतं, हा निळा स्वस्तात करून दाखवेल त्याला. गिमे नावाच्या माणसानं १८२८ मध्ये ते घेतलं. चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भट्टीत घालायचा, बस. जो रंग उंटांवरून डोंगर ओलांडत यायचा, सोन्याच्या भावानं विकला जायचा, तो आता ट्रेमधल्या सगळ्यात स्वस्त ट्यूबांपैकी एक आहे. आमच्या सरांच्या साबणदाणीतल्या चारांतला एक तोच.

पण अजिंठ्यात राणी कलर नाही. मी नंतर फोटो काढून काढून बघितले. गेरूत पांढरा घालून केलेला गुलाबी आहे, अंगकांतीला, कमळाच्या पाकळीला, फार सुंदर, भाजलेल्या मातीच्या आतल्या बाजूसारखा. कॅलामाइनच तो, थोर हातातला. झळझळीत राणी त्या चितारींकडं नव्हता. तो डांबरातून आला. कोळशाच्या डांबरापासून कपड्याचे रंग काढायची १८५० च्या दशकात युरोपात धूम उठली, त्यात हा एक सापडला, आणि १८५९ साली इटलीत मजेंटा गावाजवळ लढाई झाली तिचं नाव त्याला पडलं. लढाईचं नाव आपल्याकडं कुणी घेतलं नाही. आपण त्याला राणी म्हटलं. साडीच्या काठात आला, गोंड्यात आला, लग्नातल्या मांडवाच्या कापडात आला, जत्रेतल्या साखरेच्या गाठींत आला. शिंगांना पूर्वी हिंगूळ लावायचे, आता चिमूटभर पुडीत दोन बैल रंगतात. काळ्या रानातून पोळ्याच्या दिवशी बैल वेशीकडं निघतात तेव्हा एक किलोमीटरवरून पहिल्यांदा काय दिसत असेल तर ती शिंगं. एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला पोळा हा विषय किती वेळा येतो हे मी कुणाला सांगायला नको. मुलीनं बोट वर केलं ते उगाच नव्हे. तिनं पेपराची तयारी केली होती, आणि माझी झाली नव्हती.

रविवारी मी जाऊन ती चोवीसची पेटी आणली. दुकानदार हसला, "मॅडम, तुमीच नको म्हणत होता की." घरी आणून सगळ्या वड्यांचे ठिपके काढले. मी म्हटलं होतं ते बरंचसं खरं निघालं. चार हिरव्यांतले तीन जुळे होते, चॉकलेटी खडूसारखे, सोनेरी नावाचा एक होता तो हळदीचा वाटत होता. आणि तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा, तो होता. ओल्या ब्रशाचं टोक नुसतं टेकवलं आणि ब्रश पेटला. पहिल्यांदा तर मी त्या वडीवर बोट टेकवलं, थुंकी लावून नाही, पण टेकवलं.

आता पेटीच त्या मुलीला द्यावी असं मनात आलं. पण बाप काय म्हणेल? त्यानं माझ्या सांगण्यावरून पैसे घातले, आणि वर मीच पेटी देणार, म्हणजे त्याचं चुकलं असं होतं. चूक माझी, ओशाळणार तो. मग एकच ट्यूब मागवली. क्विनॅक्रिडोन मजेंटा, पीआर १२२. हे द्रव्य १९५० च्या दशकाअखेर बाजारात आलं आणि मोटारींच्या रंगांतही गेलं, म्हणजे उन्हात टिकणारं. ट्यूबेचे पैसे द्यायला मी जरा कां-कूं केलं, हेही लिहून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यावर ती घेऊन दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, त्या दिवशी पोळ्याचं सामान घेऊन एक मुलगी आली होती ना वडिलांबरोबर, एलिमेंटरीची, ती आली तर ही द्या. तुमच्या सेटातली राहिली होती असं सांगा. तो माझ्याकडं बघत राहिला. "मॅडम, कोणती पोरगी? पोळ्याच्या आठवड्यात दिवसाला चाळीस येतात." मी बोट वर करून दाखवलं, इथं रंग होता म्हणून. त्यानं मान डोलावली, पण ती मी शहाणी आहे का याबद्दल होती. ट्यूब गल्ल्यात टाकली.

सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा झाली. आमच्या बाजूच्या शाळेत केंद्र होतं. सकाळी एसटीतून उतरलेली पोरं कडेला पॅडवर बसून पेन्सिलींना टोक काढत होती, पॅलेट रुमालात बांधलेली, पाण्यासाठी दह्याचे रिकामे डबे. मी फाटकाशी दहा मिनिटं घुटमळले. दीडशेभर मुली, सगळ्यांच्या दोन वेण्या, सगळ्यांचे गणवेश आकाशी. बोटं तर सगळ्यांचीच रंगलेली.

ऑक्टोबरच्या उन्हाचा मी एक उपयोग करून घेतला. पेटीतल्या वडीतला राणी आणि ट्यूबेचा नमुना म्हणून काढून ठेवलेला मजेंटा, दोन्हींचे पट्टे एका कागदावर ओढले, अर्धे काळ्या कागदानं झाकले आणि गच्चीवर काचेखाली ठेवले. एकविसाव्या दिवशी झाकण काढलं. मजेंटाच्या झाकल्या-उघड्यात फरक ओळखू येत नव्हता. वडीतला राणी उघड्या भागात गेलेला होता. एक पिवळट छाया उरली होती, आणि तिच्या शेजारी, काळ्या कागदाखालच्या अर्ध्या भागात, तो तसाच्या तसा. म्हणजे मी त्या दिवशी दुकानात "हे रंग टिकत नाहीत" एवढं म्हटलं असतं तर खरं ठरले असते. पण एकवीस दिवस काचेखाली कोण ठेवणार होतं तिचं चित्र? परीक्षकाच्या टेबलावर ते दोन मिनिटं असतं. नंतर गठ्ठ्यात, अंधारात, तिथं काहीच उडत नाही.

परवा दिवाळीच्या आकाशकंदिलाला घोटीव कागद आणायला गेले. मी काही विचारायच्या आत दुकानदारानं गल्ला ओढून दाखवला. ट्यूब पाचाच्या नाण्यांवर आडवी पडलेली.

"नेता का मॅडम परत? उगं वाळून जाईल."

"राहू द्या. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला येईल की ती."

"तोवर दगड होईल तिचा."

"होऊ द्या. पाणी लावलं की परत ओला होतो तो. जलरंग आहे."

त्यानं बरं म्हणत गल्ला लोटला आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईला विचारलं, किती पानी वही पाहिजे.